पाच टॅब, अडतीस पोरं

वर्गातल्या टॅबबद्दल काय विचारायचं असेल ते विचारा, असं मागच्या एका अंकात लिहिलं आणि पत्रांची थप्पी आली. बहुतेक पत्रं शिक्षकांची. काही आयांची, एका आजोबांचं, आणि एक सहावीतल्या मुलाचं, वहीच्या फाडलेल्या पानावर. मी नागपुरात मराठी माध्यमाच्या शाळेत २४ वर्षं गणित शिकवते, पाचवी ते सातवीला. आमच्या वर्गात टॅब आले त्याला ६ वर्षं होतील. खालची उत्तरं त्या वर्गातूनच आली आहेत.

उमरेड तालुक्यातले एक जिल्हा परिषद शिक्षक लिहितात: गावकऱ्यांनी वर्गणी काढून शाळेला ५ टॅब घेऊन दिले. वर्गात पोरं ३८. तास सुरू झाला की झुंबड उडते. एक पोट्टा टॅब छातीशी धरून बसतो, बाकीचे त्याच्या डोक्यावरून वाकून बघतात. शेवटी टॅब कपाटात ठेवून दिले. गावकरी विचारून राहिले, सर, टॅबचं काय केलं? काय सांगू?

सर, तुमच्याकडे टॅब कमी आहेत ही अडचण नाही. मला तर ५ हा आकडा ३८ पेक्षा बरा वाटतो. प्रत्येकाच्या हातात एकेक टॅब दिला की वर्ग मुका होतो. पोरं खाली मान घालून बसतात, कोणी कोणाला काही विचारत नाही, आणि बाईंना कळत नाही की कोणाचं कुठे अडलं आहे.

आमच्याकडे ६ टॅब आणि ४२ मुलं. सुरुवातीला मीही ७-७ चे गट केले आणि तुमच्यासारखंच झालं. मग वर्ग दोन भागांत वाटला. अर्धी मुलं टॅबवर, अर्धी वहीत, १५ मिनिटांनी अदलाबदल. तुमच्या ५ टॅबवर ४-४ जण बसवा, २० झाले. उरलेले १८ त्याच विषयाचं काम कागदावर करतील. एका टॅबवर चारपेक्षा जास्त नकोत. पाचव्याला काच दिसत नाही, आणि ज्याला दिसत नाही तो चिमटे काढतो.

दुसरा नियम आमच्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहिलेला आहे: ज्याच्या हातात टॅब, त्याने ठरवायचं नाही, जो ठरवतो, त्याने टॅबला हात लावायचा नाही. म्हणजे एकीने सांगायचं, ‘वरचा बिंदू घे, आता डावीकडे,’ आणि दुसरीने तसंच करायचं. तिसऱ्याने वहीत टिपायचं. चौथ्याचं काम एकच, ‘कशावरून?’ असं विचारायचं. दर ५ मिनिटांनी जागा बदलायच्या. या एका नियमाने टॅब छातीशी धरणं संपलं, कारण धरून ठेवणाऱ्याच्या हाती सत्ताच राहिली नाही. आणि मुलांना आपल्या मनातलं शब्दांत सांगावं लागतं. ‘हे इकडे कर’ म्हणून भागत नाही. ‘शिरोबिंदूपासून सुरू कर’ असं म्हणावं लागतं. भूमितीची भाषा माझ्या पोरांच्या तोंडात बसली ती अशी.

आता काम काय द्यायचं? एक तास जसा झाला तसा सांगते.

सहावीचा कोन हा धडा. चौघांनी मिळून शाळेतला एक कोन शोधायचा, त्याचा फोटो काढायचा, जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमध्ये तो फोटो घेऊन कोन मोजायचा. जिओजेब्रा फुकट आहे. ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्ग विद्यापीठात शिकणाऱ्या मार्कुस होहेनवार्टरनी २००१ साली ते सुरू केलं, आणि त्यात फोटोवर बिंदू ठेवून कोन मोजता येतो. पोरं बाहेर पळाली. कोणी खिडकीच्या आडव्या-उभ्या गजांचा फोटो आणला, कोणी शिपाईकाकांच्या घडीच्या शिडीचा, कोणी कडुनिंबाच्या दोन फांद्यांचा. एका गटाने फळ्याचाच कोपरा घेतला. काटकोन आहे, पटकन काम संपेल, हा हिशोब.

फळ्याच्या कोपऱ्याचं माप आलं ८३ अंश.

‘बाई, टॅब बिघडला.’ मी म्हटलं, गुण्या लावून बघा. फळ्याला गुण्या लावला तर चोख काटकोन. मग टॅबमध्ये ८३ का? चौघं अर्धा तास भांडले. शेवटी त्यांच्यातल्या सगळ्यात कमी बोलणाऱ्या मुलीच्या लक्षात आलं, की फोटो दाराजवळ उभं राहून, तिरका काढला होता. तिने समोर उभं राहून पुन्हा काढला. आता ९० च्या अगदी जवळ. मग तिने मुद्दाम आणखी तिरके तीन फोटो काढले आणि मापं एकाखाली एक लिहिली. फोटो म्हणजे वस्तू नव्हे, आपण कुठे उभे आहोत ते फोटोत उतरतं, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकवायचं ठरवलंच नव्हतं.

शिडीवाल्या गटाला उत्तर आलं ३२४ अंश. पुन्हा ‘टॅब बिघडला’. जिओजेब्रात तीन बिंदू ज्या क्रमाने दाबाल त्याप्रमाणे कोन घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने मोजला जातो; क्रम उलटा झाला की बाहेरचा मोठा कोन येतो. मी हे सांगितलं नाही. त्यांनी ३६० मधून ३२४ वजा केले, ३६ आले, शिडीकडे बघितलं आणि म्हणाले, ‘बाई, हा आतला अन् तो बाहेरचा!’ प्रविशाल कोन हा शब्द फळ्यावर लिहायला मला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हा धडा दरवर्षी टॅबवरच घेते. दरवर्षी चार-पाच मुलांना वाटतं की कोनाच्या भुजा लांब काढल्या की कोन मोठा होतो. फळ्यावर मी कितीदा तरी समजावलं आहे. मुलं मान डोलावतात आणि चाचणीत पुन्हा तेच लिहितात. टॅबवर दोन बोटांनी फांदीचं चित्र मोठं केलं, भुजा काचेच्या बाहेर गेल्या, आकडा ४८ होता तो ४८ च राहिला. लहान केलं, तरी ४८. एक मुलगा दोन मिनिटं नुसता चित्र मोठं-लहान करत बसला होता, नजर फक्त आकड्यावर. त्याला मी हटकलं नाही.

म्हणून सर, गावकऱ्यांनी विचारलं तर त्यांनाच शाळेत बोलवा. एखादा गट त्यांच्यासमोर विहिरीच्या रहाटाचा किंवा बैलगाडीच्या चाकातल्या आऱ्यांचा कोन मोजून दाखवेल. तपशील नंतर वहीत लिहून घ्यायला मात्र विसरू नका. टॅबवर झालेलं आणि वहीत न उतरलेलं काम माझ्या अनुभवात आठवड्याने कोणालाच आठवत नाही.

नागपूर, महाल भागातून एक आई: माझी मुलगी तिसरीत आहे. अडखळत वाचते, शब्दाचा शेवट खाते. शाळेत टॅबवर वाचनाचं एक ॲप लावून देतात. ती वाचते आणि ॲप लाल खूण करतं. आता ती वाचायलाच तयार नाही. दुसरं चांगलं ॲप सांगा.

ताई, आधी लाल खुणेबद्दल. तुमच्या घरी ‘डोळे’ला ‘डोये’ म्हणतात का? ‘कावळा’ला ‘कावया’? आमच्या वर्गातल्या निम्म्या घरांत म्हणतात. आपल्या वऱ्हाडी-नागपुरी बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. आवाज ओळखणाऱ्या एका ॲपवर माझ्या एका विद्यार्थिनीने ‘काया कावया’ असं वाचलं, अर्थ तिला नीट कळला होता, तरी लाल खूण आली. तिने पुन्हा वाचलं, पुन्हा लाल. तिसऱ्या वेळी तिने टॅब पालथा ठेवला. त्या लेकराची चूक काय होती? तिने आपल्या आजीच्या तोंडचा शब्द वाचला होता. प्रमाण उच्चार शिकवायचा आहेच, पण तो माणसाने, प्रेमाने, हळूहळू शिकवायचा. यंत्राच्या लाल खुणेला ‘चूक’ आणि ‘बोली’ यांतला फरक कळत नाही. तुम्ही बाईंशी बोला, आणि मुलीला स्पष्ट सांगा, तुझं वाचन चुकलं नव्हतं.

आता ॲप. मी सांगते ते ॲप टॅबमध्ये आधीच असतं, विकत घ्यावं लागत नाही: आवाज रेकॉर्ड करायचं साधं ॲप.

गेल्या वर्षी पाचवीत एक मुलगी होती. तुमच्या लेकीसारखीच शब्दाचा शेवट खायची. ‘झाडावरून’ वाचताना ‘झाडाव’ म्हणून पुढे जायची. मी टोकलं की रडवेली व्हायची. एक दिवस तिला टॅब दिला, व्हरांड्याच्या टोकाला बसवलं आणि सांगितलं, हा परिच्छेद वाच, रेकॉर्ड कर, ऐक, तुला आवडला तर मला आणून दे, नाही आवडला तर पुसून टाक. मी बघणार नाही. ती गेली. मी लांबून बघत होते, तिला दिसू न देता. वाचलं. कानाशी धरून ऐकलं. कपाळावर आठी. पुसलं. परत वाचलं. तिसऱ्या वेळी ऐकताना तिचं बोट पुस्तकातल्या ओळीवर सरकत होतं. एका ठिकाणी बोट थांबलं, तिने ऐकणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं. ‘रून’ तिला स्वतःला सापडला होता. ७ वेळा रेकॉर्ड केलं तिने. सातव्या वेळी टॅब घेऊन आली. काही बोलली नाही, नुसता समोर धरला.

स्वतःची चूक स्वतःच्या कानाने ऐकली की लाज वाटत नाही, कारण बघायला कोणी नसतं. घरी तुमच्या फोनवरही हे जमेल. रोज एक परिच्छेद, ५ ते ७ ओळींचा, फार नको. ती ऐकत असेल तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात राहा. ती आपणहून आणेल तेव्हाच ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना चुका काढू नका. महिन्याच्या पहिल्या दिवसाचं रेकॉर्डिंग तेवढं जपून ठेवा. महिनाअखेर तिलाच ऐकवा.

वाचायला साहित्य हवं असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे गोष्टींचं संकेतस्थळ बघा. २०१५ पासून आहे, मराठीत खूप गोष्टी आहेत, पैसे पडत नाहीत, आणि गोष्टींना वाचनपातळ्या दिलेल्या आहेत. मुलगी तिसरीत म्हणून तिसरी पातळी असं करू नका. पहिल्या पातळीपासून सुरू करू द्या, तिला जिंकू द्या. बालभारतीची पाठ्यपुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवता येतात.

हिंगणा रस्त्यावरच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका: एका कंपनीचा माणूस येऊन गेला. पहिली ते आठवीचा सगळा अभ्यासक्रम ॲनिमेशनमध्ये, टॅबसकट, ३ वर्षांचा करार. संस्थाचालकांना पसंत आहे. मला ठरवता येत नाही.

मॅडम, आमच्या शाळेने असा करार केला होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण काय झालं ते लिहिते. पहिलं वर्ष बरं गेलं. पोरं ॲनिमेशन बघायची, हसायची. दुसऱ्या वर्षी त्यांना तीच ॲनिमेशनं पाठ झाली, पण अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती ती नव्हतीच. करार संपला त्या आठवड्यात टॅब उघडले तर सगळ्यांवर कुलूप. टॅब आमचे, पण कंपनीच्या खात्याशिवाय चालू होईनात. त्यात मुलांनी बनवलेली ५० च्या वर चित्रं, रेकॉर्डिंग आणि गोष्टी होत्या. त्या परत मिळाल्या नाहीत. फोन केले, पत्रं दिली. मला आजही त्याचं वाईट वाटतं. पैशापेक्षा त्या गोष्टींचं. एका मुलाने आपल्या आजोबांच्या आवाजात भुलाबाईची गाणी त्यात भरून ठेवली होती.

तेव्हा त्या माणसाला पुढचं विचारा आणि उत्तर लेखी घ्या. करार संपल्यावर टॅब मोकळे होतील का, दुसरं ॲप टाकता येईल का? मुलांनी केलेलं काम पेन ड्राइव्हवर काढून मिळेल का? इंटरनेट नसेल तेव्हा काय चालेल? पाठ्यपुस्तक बदललं तर नवं साहित्य कोण देणार, कधी? आणि मुलांची नावं, जन्मतारखा, फोटो, गुण कुठे साठवले जाणार? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे, आणि मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती हे त्यातलं मूळ तत्त्व आहे. पालकसभेत हा विषय घ्या. ‘सगळ्या शाळा देतात’ हे उत्तर नव्हे.

मग एक कसोटी, ही माझी स्वतःची. त्यांना म्हणा, तुमचं ॲप एका तासासाठी माझ्या चौथीच्या वर्गात द्या, मी मागे बसून बघते. त्या तासात मुलांची बोटं किती वेळा ‘पुढे’ हे बटण दाबतात आणि किती वेळा मुलं स्वतः काही लिहितात, काढतात, मोजतात, बोलतात, हे एका कागदावर रेघा मारून मोजा. नुसतं ‘पुढे, पुढे’ असेल तर ते काम मोठ्या पडद्यावर एकाच व्हिडिओत झालं असतं. त्यासाठी प्रत्येक मुलामागे पैसे कशाला?

आणि संस्थाचालकांना हेही सांगा, की फुकटात काय मिळतं ते आधी वापरून बघू. केंद्र सरकारचं दीक्षा हे शालेय अभ्यासाचं ॲप ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झालं. बालभारतीच्या पुस्तकांत छापलेले क्यूआर कोड त्यावरच उघडतात. विज्ञानासाठी फेट हे पडद्यावरच्या प्रयोगांचं संकेतस्थळ आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वाइमन यांनी २००२ साली ते सुरू केलं. विजेचं मंडल जोडून दिवा लावायचा प्रयोग त्यात मुलं स्वतः करतात, तार चुकीची जोडली तर दिवा लागत नाही, आणि कोणी रागावत नाही. मात्र त्याच आठवड्यात एक खरा सेल, खरी तार आणि खरा छोटा बल्ब वर्गात असलाच पाहिजे. तार किंचित गरम लागते, सेल उतरतो, बल्बचं टोक नीट टेकलं नाही तर पेटत नाही, हे बोटांना कळावं लागतं. तुमच्या शिक्षकांना हे सगळं शिकायला एक सत्र द्या. मग कंपनीला बोलवायचं की नाही ते ठरवा.

कामठीहून एक शिक्षिका: शाळेत एकही टॅब नाही. माझा एक फोन आहे. काही करता येईल?

हो! प्लिकर्स नावाचं ॲप बघा. प्रत्येक मुलाला साध्या कागदावर छापलेलं एक कार्ड द्यायचं. कार्डावर चौकोनी काळी खूण असते, चारही कडांना अ-ब-क-ड सारखी इंग्रजी अक्षरं बारीक छापलेली. मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवलात की कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर दिसतं. प्रत्येकाची खूण वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, आणि चुकलं तर वर्गासमोर फजिती नाही. जी मुलं कधीच हात वर करत नाहीत त्यांचं उत्तर मला यातून पहिल्यांदा कळलं. कार्डांना चकचकीत प्लास्टिक चढवू नका, उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला खूण दिसत नाही. पुठ्ठ्यावर चिकटवा.

बाकी तुमच्या एका फोनवर नकाशा तर आहेच. आमच्या सातवीने एकदा नागपुरातल्या झिरो माइलच्या दगडावर जबलपूर, हैदराबाद अशा गावांची मैलांत कोरलेली अंतरं वहीत उतरवून आणली, १ मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर धरून बदलली, आणि गूगल अर्थच्या मोजपट्टीने नागपूरपासून सरळ रेषेत मोजली. दगडावरची अंतरं जास्त निघाली. का, यावर दोन तास गेले. फोन माझा एकच होता.

गोधनी भागातून एक आजोबा: नातू पहिलीत. शाळेत टॅब, घरी टॅब. सून म्हणते अभ्यासच करतो आहे. मला पटत नाही. नात ३ वर्षांची, तीही त्याच्याशेजारी बसते. किती वेळ ठीक?

आजोबा, तुमची काळजी रास्त आहे. नातीबद्दल आधी: जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं, की २ ते ४ वर्षांच्या मुलांनी दिवसातून एका तासापेक्षा जास्त वेळ पडद्यासमोर बसू नये, कमी तेवढं चांगलं. नातवासाठी एक आकडा कोरोनाच्या काळातला आहे. केंद्राने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिका काढली, तिच्यात पहिली ते आठवीला ऑनलाइन वर्ग दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनच असावेत असं म्हटलं होतं. तो सगळं बंद असतानाचा आकडा आहे. आता शाळा उघडी आहे, मैदान उघडं आहे, तेव्हा घरी त्यापेक्षा बरंच कमी पुरे.

पण सुनेशी ‘किती वेळ’ यावरून वाद घालू नका, ‘काय’ यावर बोला. नातवाला विचारा, आज टॅबवर तू काय बनवलंस? स्क्रॅचज्युनिअर नावाचं ॲप आहे, ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी, फुकट. त्यात अक्षरं वाचायची गरज नाही. चित्रांचे ठोकळे एकमेकांना जोडले की मांजर चालतं, उडी मारतं. तुम्ही शेजारी बसा आणि म्हणा, माझ्यासाठी एक मांजर दोनदा उडी मारून घरी जाईल असं कर. तो तुम्हाला समजावून सांगेल. २० मिनिटांनी दोघंही उठा. गोरेवाड्याचा परिसर तुमच्या बाजूलाच आहे. संध्याकाळी नातवंडांना बाहेर न्या. बाहेरच्या उजेडात खेळणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा चष्मा लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे.

काटोलहून एक शिक्षक: उन्हाळ्याच्या सुट्टीत ४ टॅबच्या बॅटऱ्या फुगल्या. कंपनी म्हणते तुमची चूक.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, आणि पत्र्याच्या खोलीतलं बंद लोखंडी कपाट त्याहून तापतं. लिथियम बॅटरीला ही उष्णता सोसत नाही. उदाहरणादाखल, आयपॅड वापरताना भोवतीचं तापमान ३५ अंशांपर्यंत आणि नुसता ठेवताना ४५ पर्यंत असावं असं ॲपल सांगते. दुपारी चार्जिंगला लावू नका, सकाळी लावा. सुट्टी लागताना टॅब पूर्ण भरून किंवा पूर्ण उतरवून ठेवू नका, निम्मी बॅटरी ठेवा, बंद करा, आणि पक्क्या छताच्या, उत्तरेच्या खोलीत एखाद्या लाकडी पेटीत ठेवा. आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, म्हणजे दीड-दोन महिने झाले. मध्ये एकदा कोणीतरी जाऊन बघायला हवं. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चार्जिंगला तर लावूच नका. त्या ४ टॅबना आता हात लावू नका, दुरुस्तीवाल्याला शाळेतच बोलवा.

आणि हे वहीच्या पानावरचं पत्र, धरमपेठेतल्या सहावीतल्या मुलाचं: बाई, आम्ही नाग नदीवर फिल्म बनवून राहिलो. टॅबवर. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी तलाव भरून वाहिला तेव्हा पाणी घरात शिरलं होतं, ते आम्ही काकूंना विचारलं. काकू खूप छान बोलल्या. पण ऐकूच येत नाही, नुसता फर्रर्र आवाज येतो. पुन्हा त्यांना विचारायला लाज वाटते. काय करू?

बेटा, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तो फर्रर्र आवाज वाऱ्याचा आहे. टॅबला एक बारीक भोक असतं, काठावर शोध, तोच त्याचा कान. तुम्ही बोटाने तो झाकला होता का तेही बघ. पुढच्या वेळी वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, म्हणजे तुझ्या अंगाचा आडोसा होईल. टॅब काकूंपासून एका हाताच्या अंतरावर धर, लांबून नको. चेहरा मोठा दिसेल, दिसू दे. रस्त्याच्या बाजूला बोलायला लावू नकोस. त्यांच्या ओट्यावर किंवा घरात बसून विचार, आणि नदीचं चित्र नंतर वेगळं घे. नदीचं चित्र दिसत असताना काकूंचा आवाज मागून येऊ दे, फिल्मवाले असंच करतात. दोन तुकडे जोडायचं ॲप तुमच्या टॅबमध्ये असेल, बाईंना विचार.

लाज वाटायचं काही कारण नाही. काकूंना जाऊन खरं सांग, की वाऱ्यामुळे तुमचं बोलणं ऐकू आलं नाही आणि ते आम्हाला हवं आहे. त्या नक्की बोलतील. पाणी किती वाजता आलं, कुठपर्यंत चढलं, आधी काय उचललं, हे विचार. भिंतीवर पाण्याची खूण राहिली असेल तर तिच्याशेजारी तुझ्या मित्राला उभं करून फोटो घे, म्हणजे उंची कळेल. आणि घरात रेकॉर्ड करताना पंखा बंद करायला सांग, फर्रर्र आवाज त्याचाही येतो.